दुसऱ्या घोळक्यातून : ट्रायथलॉनच्या कारकिर्दीविषयी वाचकांचे प्रश्न

(या वेळी उत्तरं देत आहेत आंतरराष्ट्रीय एलिट गटात बरीच वर्षं शर्यती केलेल्या आणि आता तरुण खेळाडूंना शिकवणाऱ्या एक माजी ट्रायथलीट. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत. – संपादक)

प्रश्न : माझं वय चोवीस. कॉलेजात पंधराशे आणि पाच हजार मीटर धावायचे. आता हिशेब तपासण्याच्या नोकरीत आहे. पोहायला येतं, पण लहानपणी शिकले तेवढंच. एलिट ट्रायथलीट व्हायचं स्वप्न पाहण्याची वेळ गेली का?

तुमची नोकरी आड येणार नाही, हे आधी सांगून टाकते. ग्वेन जॉर्गनसन करसल्लागार कंपनीत अकाउंटंट होती. अमेरिकेच्या ट्रायथलॉन संघटनेनं तिला 2010 मध्ये शोधून काढलं आणि या खेळात ये म्हणून गळ घातली. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तिची सायकल पंक्चर झाली आणि ती अडतिसावी आली. 2016 मध्ये रिओत तिनं सुवर्णपदक घेतलं. ही गोष्ट उशिरा सुरुवात करणाऱ्या प्रत्येकीला कोणी ना कोणी ऐकवतंच. त्यातला एक तपशील मात्र सांगणारे गाळतात. ग्वेन कॉलेजात धावपटू होती, तशीच शाळेपासून स्पर्धेत पोहणारीही होती. पाणी तिला नवीन नव्हतं.

तुमच्यासारखीच मीही धावण्याकडून इकडे आले, म्हणून स्पष्ट लिहिते. एलिट शर्यत पंधराशे मीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणं अशी असते. वेळ पाहिली तर पोहणं सगळ्यांत थोडं, वीस मिनिटांच्या आतबाहेर. त्यामुळे लोकांना वाटतं, तिथं मिनिटभर गेलं तर गेलं, पुढे धावून काढू. तसं होत नाही, कारण एलिट गटात सायकलवर एकमेकांच्या मागे चिकटून चालवायला परवानगी असते. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की एक चतुर्थांशाहून जास्त ताकद वाचते. पाण्यातून एकत्र बाहेर आलेल्या आठ-दहा जणी आळीपाळीनं पुढे येत ओढतात आणि सुसाट जातात. तुम्ही चाळीस सेकंद मागे असाल तर तुमच्या वाट्याला दुसरा घोळका येतो. माझी निम्मी कारकीर्द या दुसऱ्या घोळक्यात गेली, त्याचा स्वभाव मला पाठ आहे. तिथं माणसं जास्त आणि ओढणाऱ्या कमी. चांगल्या धावणाऱ्या पाय राखून बसतात, दमलेल्या मागे लटकतात, आणि जिच्या देशाची मुलगी पुढच्या घोळक्यात आहे ती मुद्दाम वेग पाडते. चाळीस सेकंदांचं दीड मिनिट कधी झालं ते कळत नाही. मग तुमचे धावण्याचे आकडे कितीही देखणे असोत, पंधराव्या जागेसाठीची लढाई तेवढी उरते.

पोहण्याची पण एक गंमत आहे. तलावातला वेग आणि शर्यतीतला वेग वेगळे. सुरुवातीच्या तरंगत्या फलाटावर उभं राहायची जागा रँकिंगच्या क्रमानं निवडता येते, म्हणजे नवख्या मुलीला उरलेली जागा मिळते. भोंगा वाजला की पहिल्या बोयापर्यंतचे (वळणाची तरंगती खूण) तीनेकशे मीटर सगळ्या जिवाच्या आकांतानं पोहतात आणि वळणावर पन्नास जणी एकाच कोपऱ्यात घुसतात. कोपर लागतं, चष्मा सरकतो, कुणीतरी घोटा धरून मागे खेचतं. तिथं अडकलात की पुढचे बाराशे मीटर कितीही सुंदर पोहा.

माझा ठोकताळा असा : तलावात चारशे मीटर पाच मिनिटांच्या बऱ्यापैकी आत येत नसेल, तर एलिट परवान्याचा विचार पुढे ढकला. दोन वर्षं आठवड्यातून पाच-सहा वेळा पोहा, तेही एकटीनं नाही, तुमच्यापेक्षा वेगवान पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या लेनमध्ये. मान खाली घालावी लागते, इलाज नाही. धावणं त्या काळात फक्त टिकवा.

अपवाद आहेत. 2004 मध्ये अथेन्सला ऑस्ट्रियाची केट ॲलन पाण्यातून खूप मागे बाहेर आली होती. तिनं धावताना एकेक करत सगळ्यांना गाठलं आणि शेवटच्या काही मीटरमध्ये लोरेटा हॅरपला मागे टाकून सुवर्ण नेलं. त्या शर्यतीचं चित्रण मी कितीदा पाहिलंय! पण वीस वर्षांत अशी किती नावं सांगता येतात, याचाही हिशेब करा. तुमचा तर तो व्यवसायच आहे.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो. शर्यतीत लघवीला लागलं तर?

सगळ्यांना हाच संकोच वाटतो आणि सगळेच विचारतात. दोन तासांच्या शर्यतीत कुणी थांबत नाही. बहुतेकींचं पाण्यात उरकतं. आठ-नऊ तासांच्या लांब शर्यतीत आघाडीचे लोक सायकलवरच मोकळे होतात, म्हणून त्यांच्या अगदी मागे राहू नये.

प्रश्न : टीव्हीवर पाहिलं की आघाडीचा खेळाडू धावता धावता एका चौकोनात जाऊन उभा राहतो आणि पुन्हा पळू लागतो. ही कसली शिक्षा? आणि इतके कसलेले खेळाडू अशा चुका करतातच कशा?

तो पेनल्टी बॉक्स. ऑलिम्पिक अंतराला, म्हणजे वर सांगितलेल्या पूर्ण शर्यतीला, पंधरा सेकंद आणि त्याहून छोट्या शर्यतीत दहा. गुन्हे ऐकायला किरकोळ असतात : वेटसूट (पोहताना घालायचा रबरी पोशाख) किंवा पोहण्याची टोपी आपल्या पेटीत न पडता बाहेर पडली, हेल्मेटचा पट्टा लावायच्या आधी सायकलला हात लावला, रेषेच्या अलीकडेच सायकलवर उडी मारली. लंडनला 2012 मध्ये ब्रिटनच्या जोनाथन ब्राउनलीनं हे शेवटचं केलं. घरच्या गर्दीसमोर पंधरा सेकंद उभा राहिला आणि तरी कांस्य घेऊन गेला. त्या दिवशी त्याचा भाऊ ॲलिस्टर दहा किलोमीटर 29 मिनिटं 7 सेकंदांत धावला, पोहून आणि सायकल मारून झाल्यावर.

चुका कशा होतात? पाण्यातून वर येताना शरीर आडव्याचं उभं झालेलं असतं, रक्त पायांत उतरतं आणि डोकं गरगरतं. त्या अवस्थेत पळत पळत पाठीची चेन ओढायची, पाय सोडवायचे, शंभरेक सायकलींत आपली शोधायची. बूट आधीच पेडलवर अडकवून रबरानं बांधलेले असतात, म्हणजे उडी मारल्यावर सायकल चालवता चालवता पाय आत सरकवता येतात. हे सगळं मिनिटभरात. मी माझ्या मुलांना मोकळ्या मैदानात रेषा आखून उडीचा सराव करायला लावते, तेव्हा पालक विचारतात की हे काय खेळताय. पंधरा सेकंद धावण्यात कमी करायला दोन वर्षं लागतात, मला एवढंच म्हणायचंय.

प्रश्न : माझ्या मुलाला हाच व्यवसाय करायचा आहे. यात पोट भरतं का? आणि ऑलिम्पिकपर्यंत पोचायचा रस्ता नेमका कसा असतो?

रस्ता सांगते, म्हणजे पोटाचं उत्तर आपोआप येईल.

सगळ्यांत खाली खंडीय कप शर्यती. त्यावर वर्ल्ड कप. सगळ्यांत वर 2009 पासून सुरू झालेली जागतिक मालिका. त्याआधी एका दिवसाची एकच जागतिक शर्यत असे आणि तीत जो जिंकेल तो वर्षाचा विजेता. आता वर्षभराचे गुण मोजतात. प्रत्येक शर्यतीत पहिल्याला ठरलेले गुण, आणि पुढच्या प्रत्येक क्रमांकाला आधीच्यापेक्षा साडेसात टक्के कमी. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यात फरक भरपूर, तिसाव्या आणि एकतिसाव्यात जवळपास काही नाही. शिवाय विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून मागे राहिलात तर गुण शून्य. आणि सायकलवर पुढच्या खेळाडूनं तुम्हाला एका फेरीनं गाठलं, तर ऑलिम्पिक शर्यतीतसुद्धा तिथंच बाहेर काढतात.

आता यातली मेख पाहा. वरच्या शर्यतीत प्रवेश रँकिंगवर मिळतो, रँकिंग गुणांवर, आणि भरघोस गुण वरच्याच शर्यतीत. दाराची किल्ली दाराच्या आत. त्यामुळे नवा खेळाडू दोन-तीन हंगाम सायकलची पेटी ओढत अशा ठिकाणी जातो जिथं स्पर्धा थोडी कमी असेल आणि पहिल्या पाचात येता येईल. आपल्या देशाच्या महासंघाच्या यादीत नाव असेल तर प्रवासाचा खर्च ते करतात, नसेल तर तुम्ही. माझ्या वेळी प्रतीक्षा यादीतली तिसरी-चौथी मुलगी असूनही मी विमानानं जाऊन पोचायचे, आयत्या वेळी कुणी आजारी पडेल या आशेवर. कधी उभी राहायला मिळालं, कधी प्रेक्षकांत बसून आले.

ऑलिम्पिकला पुरुषांच्या 55 आणि स्त्रियांच्या 55 जागा, एका देशाचे जास्तीत जास्त तीन. पात्रतेचा काळ दोन वर्षांचा. बलाढ्य देशात जगातली बारावी मुलगी घरी बसते, कारण तिच्या पुढच्या तिघी तिच्याच देशाच्या असतात. छोट्या देशाच्या मुलीला ती अडचण नाही, पण तिच्यामागे फिजिओ नाही, मेकॅनिक नाही. फ्लोरा डफी बर्म्युडाची. 2008 मध्ये बीजिंगला तिची शर्यत पुरी झाली नाही, नंतर ती काही काळ खेळापासूनच दूर गेली. टोकियोत, 2021 मध्ये, तिनं बर्म्युडाला इतिहासातलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण दिलं. तेरा वर्षं मध्ये गेली.

टोकियोपासून मिश्र रिलेही आली : दोन पुरुष, दोन स्त्रिया, प्रत्येकानं तीनशे मीटर पोहायचं, सातेक किलोमीटर सायकल, दोन किलोमीटर धाव. तिच्यामुळे निवडीची गणितं बदलली, कारण वीस मिनिटं आगीसारखा जाणारा खेळाडू आता महासंघाला हवा असतो.

पोट? पहिले वीस-पंचवीस जण बक्षिसं, प्रायोजक आणि महासंघाचं मानधन मिळून नीट जगतात. पुढचे तीस-चाळीस तगून राहतात. त्याखालचे घरच्यांच्या जिवावर किंवा शिकवण्या करून खेळतात. एक गोष्ट मात्र या खेळाची मला नेहमी आवडली : बक्षिसाची रक्कम स्त्री-पुरुषांना सारखी, आणि हे इतर खेळांना सुचायच्या कितीतरी आधीपासून.

मुलाला थांबवू नका. शिक्षण सोडू देऊ नका. स्वित्झर्लंडच्या निकोला स्पिरिगनं कायद्याची पदवी घेतली आणि पाच ऑलिम्पिकही खेळली.

प्रश्न : तुमचा रोजचा दिवस कसा असायचा?

कंटाळवाणा. आठवड्याला तीस तासांच्या आसपास सराव : पाच-सहा वेळा पोहणं, तेवढंच धावणं, तीनशे-चारशे किलोमीटर सायकल, थोडी वजनं. मधल्या वेळात खाणं आणि झोपणं. त्यातली बरीचशी मेहनत मुद्दाम सावकाश करायची असते आणि तरुण मुलांना तेच जमत नाही.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. उत्तेजक चाचणीच्या यादीत नाव आलं की वर्षातल्या प्रत्येक दिवशी तुम्ही कुठे असाल हे आधी कळवावं लागतं, आणि रोजचा एक तास असा द्यावा लागतो की त्या वेळी तुम्ही त्या पत्त्यावर सापडलंच पाहिजे. बारा महिन्यांत तीनदा हुकलात तर उत्तेजक घेतल्यासारखीच कारवाई. मी सकाळी सहाचा तास द्यायचे, कारण तेव्हा मी हमखास अंथरुणात. दाराची घंटा वाजली की आमच्या घरात कुणी विचारायचं नाही कोण आलंय.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. गेले सात महिने पाळी आलेली नाही. कोच म्हणतात, वजन योग्य जागी आल्याची ही खूण आहे, सगळ्या चांगल्या खेळाडूंचं असंच असतं. धावण्याचे आकडेही सुधारलेत. पण नडगीत एका ठिकाणी बोट लावलं तरी दुखतं.

हे पत्र वाचून मी बाकीची बाजूला ठेवली. आज धावू नकोस. या आठवड्यात खेळाडूंच्या डॉक्टरकडे जा आणि पाळीचं आणि नडगीचं, दोन्ही एकाच भेटीत सांग. बोटानं दाखवता येईल अशी एकाच जागची दुखरी जागा हाडाला तडा जात असल्याची असू शकते. त्यावर धावलीस तर काही आठवड्यांची विश्रांती काही महिन्यांची होते.

तुझ्या कोचचं म्हणणं चूक आहे. सराव जितका खर्च करतो तितकं खाणं पोटात जात नसेल, तर शरीर आधी ती कामं बंद करतं ज्यांच्यावाचून आज जगता येतं. पाळी त्यातली पहिली. तिच्याबरोबर हाडं राखणारं संप्रेरकही खाली येतं. खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडण्याच्या या अवस्थेला आरईडीएस म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 मध्ये यावर स्वतंत्र निवेदन काढलं आणि हे पुरुषांनाही होतं असं त्यात स्पष्ट लिहिलं. सुरुवातीचे काही महिने आकडे सुधारतात हे खरं, म्हणूनच हा सापळा आहे. माझ्याबरोबरच्या ज्या मुली विशीत सगळ्यांत हलक्या आणि सगळ्यांत वेगवान होत्या, त्यांपैकी बऱ्याच जणी पंचविशीत स्टार्ट लिस्टवर नव्हत्या.

डॉक्टरांनी सांगितलेलं कोचला लेखी दे. तरीही ते तेच बोलत राहिले तर कोच बदल. आणि घरात ज्या मोठ्या माणसाशी बोलता येतं, तिला किंवा त्याला हे पत्र दाखव.

प्रश्न : वय झालं की सगळे आयर्नमनकडे, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनकडे वळतात. ती निवृत्तीची सोय आहे का?

असं म्हणणाऱ्यानं 180 किलोमीटर एकट्यानं वाऱ्यात सायकल चालवून पाहावी. तिथं आडोशाला राहायची परवानगी नाही, आणि पुढे अख्खी मॅरेथॉन असते. यान फ्रोडेनो 2008 चा ऑलिम्पिक विजेता, तो हवाईतली जागतिक शर्यत 2015, 2016 आणि 2019 मध्ये जिंकला. क्रिस्तियन ब्लुमेनफेल्टनं तर वयाची वाटच पाहिली नाही. जुलै 2021 मध्ये टोकियोत सुवर्ण, आणि मे 2022 मध्ये आयर्नमनची जागतिक शर्यत.

उलट दुसऱ्या घोळक्यातल्या आम्हा लोकांना लांब शर्यत मानवते. तिथं पाण्यातले दोन मिनिटं हा शेवट नसतो. मी स्वतः गेले नाही. तोवर मला शिकवण्यात गोडी लागली होती आणि पाठीनं वेगळं मत दिलं होतं.

प्रश्न : भावानं भावाला शेवटच्या रेषेपार ढकललं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. हे नियमात बसतं का? आणि त्यामुळे कुणावर अन्याय झाला?

2016, मेक्सिकोतलं कोझुमेल, जागतिक मालिकेची शेवटची शर्यत. जोनाथन ब्राउनली आघाडीवर होता आणि जिंकला असता तर जागतिक विजेता ठरण्याची दाट शक्यता होती. शेवटच्या टप्प्यात उष्णतेनं त्याचे पाय लटपटू लागले आणि तो रस्त्याच्या कडेला भेलकांडत गेला. मागून आलेल्या ॲलिस्टरनं त्याचा हात खांद्यावर घेतला, ओढत नेलं आणि रेषेवर पुढे लोटलं, म्हणून जोनाथन दुसरा आणि ॲलिस्टर तिसरा. त्या वेळच्या नियमांत ते बसलं. स्पेनच्या बाजूनं हरकत घेतली होती, ती फेटाळली गेली. हरकतीचं कारण उघड होतं : ढकलून मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकाचे गुण धरूनही विजेतेपद स्पेनच्या मारिओ मोलाकडे जेमतेम राहिलं.

मला विचाराल तर ॲलिस्टरनं केलं ते भाऊ म्हणून बरोबर, आणि मोला चिडला असता तर तेही बरोबर. पण अन्यायच शोधायचा असेल तर मी तिसरीकडे बोट दाखवेन. दोघा भावांच्या बाजूनं एक माणूस पुढे निघून गेला आणि त्यानं शर्यत जिंकली. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन, त्याच वर्षीचा रिओचा कांस्यपदक विजेता. मी नवीन तुकडीला तो व्हिडिओ दाखवते आणि विचारते की ही शर्यत जिंकली कुणी. अजून तरी बरोबर उत्तर एकदाच आलंय, आणि त्या मुलीचं पोहणं कच्चं आहे.